भेगेतले कागद

२० जानेवारी

चि. मुंगी,

आशीर्वाद, आणि सोबत बारा गणितं. आशीर्वाद ठेवून घेतलेस तरी चालेल, गणितं मात्र परत यायला हवीत.

तुझी मागची वही तपासली. अक्षर अजून तसंच, साखरेकडे निघालेली मुंग्यांची रांग. तुला हे नाव पडलं ते काही उगाच नाही. बीजगणित ठीक आहे. निर्देशक भूमितीत मात्र तू त्रिज्येचा उतार काढलास आणि तोच स्पर्शिकेचा म्हणून लिहून मोकळी झालीस. शेवटी सतरा छेद तेवीस असलं काहीतरी अक्राळविक्राळ उत्तर आलं, तरी तुला शंका आली नाही?

चाळीस वर्षं शाळेत मुलींना सांगत आले, तेच तुला सांगते. शुद्ध गणितात उत्तर नीट येतं. ओबडधोबड आलं तर चूक तुझी, गणिताची नाही. मुकाट्यानं मागे जायचं, चूक शोधायची आणि दुरुस्त करायची. तुझ्या बाबाला मी लहानपणी हेच शिकवत होते. तो मागे न जाता थेट खेळायला जायचा, म्हणून आज छापखाना चालवतो.

कलनाची तुला भीती वाटते असं लिहिलं आहेस. त्यावर एक उपाय सांगते. घरातली एखादी हळूहळू बदलणारी गोष्ट निवड. दर रविवारी तिचं माप घे, आलेख काढ. वेग म्हणजे काय आणि वेगाचा वेग म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा लवकर कळेल. १८ मार्चला पेपर आहे. वेळ भरपूर आहे असं मानू नकोस.

आत्या

१ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार आणि अकरा उत्तरं. बारावं उद्या सुटेल असं मला रोज वाटतं.

मोजायला गोष्ट सापडली! माझ्या टेबलाच्या वर, खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे एक तिरकी भेग गेली आहे. सहामाहीच्या वेळी नव्हती. पट्टीनं मोजायला गेले तर पट्टीवरच्या रेघा तिच्यापेक्षा जाड. मग युक्ती केली. खाली छापखान्यात कागद कापून उरलेल्या पट्ट्या पोत्यानं पडलेल्या असतात. एकाच गठ्ठ्यातल्या पट्ट्या घेतल्या आणि भेगेत किती घट्ट बसतात ते मोजलं. आज सहा बसल्या. बाइंडिंगच्या मावशींनी पातळ कागदही दिला आहे. तसले दोन म्हणजे माझा एक. त्यामुळे अर्ध्यापर्यंत मोजता येतं. म्हणजे आपलं एकक "कागद" झालं. चालेल ना?

बाबांचं नवीन मशीन आलं. केवढं मोठं आहे! जुळारी काका आजोबांच्या काळापासून आपल्याकडे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर बसवतात, तेसुद्धा म्हणाले की एवढं धूड त्यांनी जन्मात पाहिलं नाही. ते सुरू झालं की वर माझ्या टेबलावरची पेन्सिल आपोआप कडेला चालू लागते. बाबा खूश आहेत. सगळ्या शाळांच्या प्रगतिपुस्तकांचं काम मिळालं आहे. मशीनबद्दल बाकीचं ते स्वतःच तुला कधीतरी लिहितील.

तुझी मुंगी

६ फेब्रुवारी

चि. मुंगी,

"कागद" हे एकक मला फार आवडलं. शाळेत असतीस तर वर्गापुढे उभी करून सांगायला लावलं असतं.

भेगेचं घाबरायचं कारण नाही. नवा गिलावा वाळताना आकसतो. भेग पडते, आधी भराभर वाढते, मग दमते आणि थांबते. त्या थांबण्याचंच गणित कर. आठवडा हा क्ष, रुंदी हा य. तीनचार मापं झाली की त्यांतून वर्गसमीकरणाचा वक्र बसव. क्ष-वर्गाचा सहगुणक ऋण येईल. मग विकलन कर, ते शून्य ठेव आणि क्ष काढ. भेग कधी थांबणार ते कळेल. बीजगणित, भूमिती आणि कलन, तिन्ही एका भेगेत बसली बघ. सोबत तेरा ते तीस ही गणितंही आहेत.

तुझा बाबा मला लिहील म्हणतेस? ताई पत्रातल्या चुका काढते म्हणून त्यानं लिहिणं सोडलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. म्हणून तुलाच विचारते. एवढं मोठं मशीन आत गेलं कसं? मी तुमच्या छापखान्याचं दार पाहिलं आहे. त्यातून तुझा बाबा आणि त्याचं पोट एकदम जात नाही.

आत्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. बारावं सुटलं! सोबत तेरा ते तीसही पाठवते आहे. स्पर्शिकेत आता चुकत नाही. त्रिज्येशी काटकोन, हे दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

भेगेचं गणितही झालं. मापं अशी: ६, साडेआठ, साडेदहा, १२. वक्र इतका सुंदर बसला की चारही बिंदू त्याच्यावर. विकलन शून्य ठेवलं आणि क्ष आला साडेपाच. म्हणजे साडेपाच आठवड्यांनी भेग थांबणार. माझ्या पेपरच्या आधीच!

गंमत सांगू? आधी पहिल्याच तीन मापांवर घाईघाईनं केलं होतं. तेव्हा सहगुणक धन आला आणि क्ष आला उणे साडेतीन. म्हणजे मी मोजायला लागायच्याही साडेतीन आठवडे आधी भेग थांबलेली होती आणि तिथून पुढे वाढतच चालली! मी एकटीच हसले. मग तुझा नियम आठवला. मागे गेले, चूक शोधली, दुरुस्त केली.

मशीन आत कसं गेलं विचारलंस. दार चौकटीसकट काढलं होतं. बाबा म्हणाले, एवढंच कळव.

तुझी मुंगी

२८ फेब्रुवारी

चि. मुंगी,

शंभरपैकी शंभर. चारही बिंदू वक्रावर आणि उत्तर साडेपाच! याला म्हणतात नीट उत्तर.

बाबाला सांग, ताई म्हणते की भेग महिन्याच्या आत थांबेल, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तो मला विचारणार नाही, पण आतून काळजी करत असणार. तो लहानपणापासून तसाच आहे.

आता भेग पुरे. रोज दोन तास जुन्या प्रश्नपत्रिका सोडव. घड्याळ समोर ठेव. यावेळी अक्षर मोठं आलं आहे ना? नवीन पेन आहे. पुढचं पत्र जरा उशिरा येईल, एका कामात अडकते आहे. तू पाठवत राहा.

आत्या

९ मार्च

ती. आत्या,

हे पत्र वाचून तू रागावशील. रागाव. पण उत्तर लगेच पाठव.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते खाली सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पुढच्याच मंगळवारी इंजिनिअर साहेब घर बघायला येणार होते. आईनं महिनाभर मागे लागून त्यांना बोलावलं होतं. बाबांनी त्यांना नका येऊ म्हणून निरोप पाठवला. म्हणाले, "माझ्या ताईनं चाळीस वर्षं गणित शिकवलंय. तिनं सांगितलं म्हणजे झालं." तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. तुझं पत्र त्यांनी मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं आहे.

आत्या, ते आकडे खरे नव्हते.

मी फक्त दोन हलवले. पहिल्या आठवड्यात आठ कागद बसले होते, मी साडेआठ केले. तिसऱ्यात साडेतेरा बसले होते, ते बारा केले. मला खरंच वाटलं की मोजतानाच माझी चूक झाली असणार, नाहीतर उत्तर उणे कसं येईल? आणि मग साडेपाच आलं, इतकं छान दिसलं, की ते बदललेलेच आकडे मला खरे वाटायला लागले.

खरे आकडे असे आहेत: ६, ८, साडेदहा, साडेतेरा, साडेसतरा. आणि काल रविवारी साडेतेवीस.

आणखी एक लपवलं. मशीन आत बसेना म्हणून बाबांनी खालची मधली भिंत पाडली. आठ जानेवारीला. माझी खोली बरोबर तिच्यावर आहे. "ताईला सांगू नकोस, ती लगेच चूक काढेल," असं म्हणाले, म्हणून मी दाराचं लिहिलं.

खोलीचं दार आता लागत नाही. छताच्या कोपऱ्यातून वहीवर वाळू पडते. आणि ती पेन्सिल, आत्या, आता मशीन बंद असलं तरी कडेला जाते.

मला काही सुचत नाही. अभ्यासाला बसते आणि नुसती भिंतीकडे बघत राहते. काय करू सांग.

मुंगी

१४ मार्च

चि. मुंगी,

मी सांगते आहे आणि शेजारच्या नर्सबाई लिहितायत. पाच तारखेला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुझ्या अभ्यासात खोडा नको म्हणून कळवलं नव्हतं. तुझं पत्र बुधवारी आलं आणि दोन दिवस माझ्या उशीखाली पडून राहिलं. मीच बाईंना म्हटलं, गणितंच असतील, पट्टी सुटली की तपासू. काल वाचून घेतलं. हे दोन दिवस मला आयुष्यभर टोचणार आहेत.

आधी नियमाचं सांगते. मी चाळीस वर्षं अर्धवट शिकवत आले. पुस्तकातली गणितं नीट येतात, कारण ती नीट यावीत म्हणून कोणीतरी बसून रचलेली असतात. तुमची भिंत काही परीक्षेसाठी रचलेली नाही. तुझं ते उणे साडेतीन चुकलेलं नव्हतं. १ फेब्रुवारीच्या साडेतीन आठवडे मागे जा. आठ जानेवारी येते. भिंत पाडली तो दिवस. तुझ्या गणितानं तुझ्या बापाची चोरी पकडली होती आणि मी ते वाचून हसले होते.

आता लक्ष दे. डोळे बांधलेले आहेत म्हणून मी हे मनात केलं, तू कागदावर कर. दर आठवड्याची वाढ घे: २, अडीच, ३, ४, ६. प्रत्येकीचा व्यस्त काढ: एक छेद दोन, दोन छेद पाच, एक तृतीयांश, एक चतुर्थांश, एक षष्ठांश. आठवड्यांसमोर हे बिंदू मांड. दुसरा जरासा खाली पडेल, बाकीचे सरळ रेषेत येतील. ती रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते ते बघ. व्यस्त शून्य झाला म्हणजे वाढ किती झाली, हे तुला मी सांगायला नको; तितकी कुठलीच भिंत सोसत नाही.

सात येईल. पण ही वाढ आठवडाभराची, म्हणून बिंदू आठवड्याच्या मध्यावर मांडायला हवा. अर्धा आठवडा मागे ये. साडेसहा. १ फेब्रुवारीपासून मोज आणि तारीख काढ. एखादा दिवस इकडे तिकडे होईल, जास्त नाही.

बाबाला आत्ताच तार केली आहे: घर ताबडतोब रिकामं कर. तारेत जे मावलं नाही ते इथे लिहिते. एकदा बाहेर पडलात की कुणालाही, कशासाठीही परत आत पाठवू नका. अगदी दोन मिनिटांसाठीही नाही. मी स्वतः येऊन तुम्हाला ओढून बाहेर काढलं असतं, पण मला अंथरुणातून उठू देत नाहीत.

तुझ्यावर रागावलेली नाही. तू माझंच ऐकलंस.

आत्या

१७ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. रेषा काढली. रविवारी शेवटचं मोजलं होतं, ते साडेपस्तीस भरले. वाढ बारा. व्यस्त एक छेद बारा. तो बिंदूही तुझ्या रेषेवर बरोब्बर बसला. साडेसहा आठवडे म्हणजे अठरा मार्च, दुपारी बाराच्या सुमारास. किती नीट उत्तर आलं, आत्या. इतकं नीट उत्तर मला आजपर्यंत कधी आलं नव्हतं.

तार बाबांनी वाचली आणि खिशात ठेवली. भिंतीवरच्या तुझ्या पत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन आठवड्यांपूर्वी ताई म्हणाली थांबेल, आता म्हणते पळा. यातली खरी ताई कुठली?" मी सगळं कबूल केलं. आकडे मी बदलले, हेही सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "पेपरची धास्ती घेतलीय पोरीनं." प्रगतिपुस्तकं वीस तारखेला द्यायची आहेत. एकवीसला इंजिनिअरला बोलावतो, म्हणाले. जुळारी काकांनी लाकडाचे दोन टेकू लावले आहेत. त्यातल्या एकाला आज सकाळी चीर गेली.

मी आणि आई दोन दिवस बाइंडिंगच्या मावशींकडे झोपायला जातो. बाबा आणि काका दिवसभर मशीनवरच असतात.

म्हणून आज जेवताना मी सांगून टाकलं. उद्या दहा ते एक माझा पेपर आहे. बाबा, आई, जुळारी काका आणि मावशी, चौघंही माझ्याबरोबर केंद्रावर आले आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर बसले, तरच मी पेपर देणार. नाहीतर वर्ष गेलं तरी चालेल. बाबा आधी हसले, मग ओरडले. मी जेवायचं थांबले. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, तीन तास मशीन बंद. तुझ्यापुढे कोण बोलणार?" मी त्यांना तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. कुणालाही परत पाठवू नका, ते दोनदा वाचलं.

मी सांगून ठेवलं आहे की बाहेर आल्यावर आधी पायरीवर उभी राहीन आणि मोजेन. चार भरले की मगच खाली उतरेन.

मला भीती वाटते, पण पेपरची नाही.

तुझी मुंगी

१८ मार्च

ती. ताईस,

तुला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. चुका आत्ताच काढून ठेव, मग वाच.

साडेअकरा वाजलेत. तुझ्या भाचीच्या हुकमावरून आम्ही सगळे परीक्षा केंद्राच्या गेटबाहेर कट्ट्यावर बसलोय. दहा वाजल्यापासून. रस्त्यानं जाणारा येणारा बघतो, याला म्हणतात वरात. मशीन बंद, काम पडलेलं, आणि मी हातावर हात धरून बसलोय. असं मी लग्न झाल्यापासून बसलेलो नाही. खरं सांगू, वाईट वाटत नाहीये. ही शेंगा सोलतेय, मावशी डुलक्या घेतायत.

तुझं पत्र भिंतीवर लावलं होतं. चिडवायला नव्हतं लावलं. तू पहिल्यांदा मला "जिवाला घोर लावून घेऊ नकोस" असं लिहिलं होतंस, म्हणून लावलं होतं.

भिंत पाडताना मला कळत होतं, ताई. मिस्त्रीनं सांगितलं होतं की वरचं वजन तिच्यावर आहे. मी म्हटलं, बघू. तुला मुद्दामच कळवलं नाही. तू चूक काढलीच असतीस आणि मला ती ऐकायची नव्हती. प्रगतिपुस्तकं पोचली की भिंत पुन्हा बांधून घेतो. तुझी शपथ.

एक प्रूफ टेबलावर राहिलंय. शाळेचा शिपाई बारा वाजता घ्यायला येणार. तो परत गेला तर सगळं काम अडकेल. म्हणून जुळारी काकांना आत्ताच म्हटलं, पटकन आणा, दार उघडायचं आणि टेबलावरून उचलायचं. दोन मिनिटांचं काम. तू नको म्हणाली होतीस ते माहीत आहे. पण इथून घर पाच मिनिटांवर आहे, आणि भिंत इतके दिवस उभी आहे तर


पुढचं आता लिहितोय. एकला पाच मिनिटं कमी आहेत.

बाराला दहा कमी असताना आवाज आला. इथपर्यंत आला. मावशी दचकून उठल्या. छपरांच्या वर धूळ दिसली आणि मी धावत सुटलो.

घर नाही, ताई. मशीन तेवढं दिसतं.

लोकांनी विटा उपसून काकांना बाहेर काढलं. प्रूफ हातात होतं. दवाखान्यात नेलंय, ही आणि मावशी बरोबर गेल्या. मला गाडीत घेतलं नाही. आता घाई करण्यासारखं काही उरलं नाही, असं गाडीवाल्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी विचारलं नाही.

पेपर सुटताना इथे कोणीतरी असायला हवं म्हणून मी परत आलो. नुसतं उभं राहवत नाही, म्हणून हा कागद काढला. माझ्या सगळ्या अंगावर धूळ आहे.

तिनं गणित बरोबर केलं होतं. तूही बरोबर केलं होतंस. मी काकांना पाठवलं.

घंटा झाली. पोरं बाहेर यायला लागली. ती दिसली. पायरीवर उभी राहिलीय, म्हणाली होती तशी. बोट वर करून मोजतेय.